उसना गारवा

कूलर दारातून आत येईना. आडवा घातला की त्याचे पाय चौकटीत अडकत, उभा घातला की वरचा पत्रा घासे, आणि गल्लीतली चार माणसं चार युक्त्या सांगत होती. बाबा पुढे झाले, तेवढ्यात मायनं त्यांना दटावलं. त्यांच्या अंगात मावसभावाचा पांढरा सदरा होता, तो मळला तर दुसरा कुठून आणणार? शेवटी दारच बिजागरीतून काढलं, कूलर आत घेतला आणि दार पुन्हा बसवलं.

गोदाआजी कमरेवर हात ठेवून हा सगळा तमाशा पाहत उभी होती. कूलर तिचा. तिच्या मुलानं सुरतेहून पैसे पाठवून घेऊन दिलेला, गल्लीतला एकुलता एक. अकोल्यातला मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. आमच्या टिनाच्या घरात दुपारी भाकरी थापून ठेवली तर चूल पेटवायची गरज नाही, असं बाबा म्हणायचे. आजीला दमा होता. तरी आम्ही मागायच्या आधीच तिनं कूलर देऊ केला होता.

"गवत ओलं ठेवजो, माय," ती मला म्हणाली. "अन् खालून पानी झिरपते, तिथं चिंधी ठेवजो. पाहुन्याचे पाय ओले नाई झाले पायजे."

मी विचारलं, अन् तुझं काय?

"मले काय होते? ओला फडका घेऊन पडतो मी." एवढं बोलून ती खोकत खोकत शेजारी तिच्या घरात गेली. शेजारी म्हणजे तरी किती लांब? आमच्या आणि तिच्या घरात बांबूच्या तट्ट्याची एक भिंत. इकडे उचकी लागली तर तिकडून आठवण कोणी काढली ते सांगायचे.

त्या दुपारी मला पाहायला येणार होते. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांचाही निरोप एकच: पोरगी चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी काही बोललं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती. आमच्या घराकडे एकदा पाहिलं की पुढचं वाक्य ज्याचं त्याला कळत असे. मला लग्नाची घाई नव्हती, खरंच नव्हती. पण तो निरोप ऐकून बाबा दोन-तीन दिवस माझ्याशी बोलताना जमिनीकडे पाहायचे, आणि ते मला पुन्हा पाहायचं नव्हतं. जणू त्यांनीच माझं काही वाईट केलं होतं.

म्हणून या खेपेला सगळी गल्ली कामाला लागली. खुर्च्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या, पडदा त्याच्याच बायकोनं शिवलेला, भिंतीवरचं घड्याळ मायच्या मैत्रिणीचं. पेले, ताटल्या, तांब्या तर घरोघरून आले. मध्यस्थ सोनाजीबुवांनी मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलीचे वडील तुळशीराम डाबेराव दालमिलमध्ये असतात. हे खोटं नव्हतं. बाबा दालमिलमध्येच असायचे. पोती वाहायचे.

सोनाजीबुवा आणखी एक गोष्ट बजावून गेले होते. मुलाची एक मावशी नागपूरला शिक्षिका आहे, ती परस्पर येईल. सगळा कारभार तिच्या शब्दावर. तिला जपा, बाकीचे आपोआप सांभाळले जातील.

त्यामुळे भर उन्हात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, घामानं चष्मा नाकावर घसरलेला, आणि त्यांनी विचारलं, "तुळशीराम डाबेराव यांचं घर हेच ना? मी नागपूरहून आले. घरची थोडी माहिती विचारायची होती," तेव्हा कोणाला काही शंका यायचं कारणच नव्हतं. बाई पुढे काहीतरी सांगू पाहत होत्या. पण आमच्याकडे पाहुण्यानं तोंड उघडायच्या आधी पाणी देतात, आणि पाण्यामागून सरबत आलं, सरबतामागून चिवडा. बाबांनी कूलरचं बटण दाबलं. बाईंनी डोळे मिटून तो गार वारा तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, की सकाळपासून फिरतेय, इतकं आपुलकीनं कोणी बसवलं नाही. मायच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की विचारू नका.

मी पडद्याआड होते. पडद्याला एक फट होती, ती मी मुद्दामच ठेवली होती.

बाईंनी पिशवीतून छापील कागद काढले आणि पेन उघडलं. मायनं माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. नागपूरची शिकलेली माणसं स्थळाचीसुद्धा लिहून चौकशी करतात, याचं तिला कौतुकच वाटलं. मग प्रश्न सुरू झाले. घरात माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती आहे का. कोणतीही वरमावशी विचारील तेच प्रश्न. पंखा आहे का, घड्याळ आहे का, खुर्च्या आहेत का, हे तर बाई न विचारताच इकडेतिकडे पाहून लिहीत होत्या. कूलरपाशी येऊन त्या थांबल्या.

"हा तुमचाच?"

"घरातच हाय तर आमचाच म्हना," बाबा म्हणाले.

दूध किती घेता, आठवड्यातून भाजी किती वेळा, वर्षाला नवे कपडे कितीदा, सगळं विचारून झालं. बाबा प्रत्येक उत्तराला थोडं तूप लावत गेले. काम काय करता, असं विचारल्यावर मात्र ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मिलमध्ये मालाची सगळी जबाबदारी माझ्याच खांद्यावर असते. पडद्याआड मला हसू आवरेना. शौचालयाचा प्रश्न आला तेव्हा मायनं पदर तोंडाला लावला. असं पहिल्याच भेटीत विचारतात का, असं ती मला खुणेनं विचारत होती. मी खुणेनंच सांगितलं, की मोठ्या शहरात विचारत असतील.

मग बाईंनी पान उलटलं. त्या म्हणाल्या, "आता शेवटचे दोन प्रश्न. यात बरोबर-चूक काही नाही. तुम्हाला मनापासून वाटतं ते सांगा."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. मुलगी दाखवायच्या दिवशी 'बरोबर-चूक काही नाही' असा प्रश्न असू शकतो यावर कोणता बाप विश्वास ठेवील?

"आपल्या आजूबाजूला काही लोक गरीब असतात," बाई कागदावरचं वाचत म्हणाल्या. "तुमच्या मते ते गरीब का असतात? आळस, व्यसन, नशीब, की कामाचा पुरेसा मोबदला मिळत नाही म्हणून?"

बाबांनी विचारसुद्धा केला नाही.

"आळस," ते म्हणाले. "करनाऱ्याले काय कमी हाय, बाई? मेहनत करायले नको पायजे, मंग दुसऱ्याच्या दारात हात पसरते."

बाई लिहीत होत्या. मी फटीतून बाबांच्या मानेकडे पाहत होते. सदऱ्याची कॉलर थोडी वर सरकली होती आणि तिच्याखाली पोत्यांनी पडलेला तो काळा, जाड घट्टा दिसत होता. ताप असला तरी कामावर जाणारा माझा बाप. मिल बंद असेल त्या दिवशी स्टेशनवर सामान उचलणारा. तो उसन्या खुर्चीत बसून, उसना सदरा घालून सांगत होता की गरीब माणूस आळशी असतो. मला इतकं वाईट वाटलं की मी पडद्याचा कपडा मुठीत धरला. आणि त्याच वेळी लक्षात आलं, की तट्ट्यापलीकडचा खोकला थांबलाय. गोदाआजीनं ऐकलं होतं. तिनं ऐकलं म्हणजे पलीकडच्या घरानंही ऐकलं असणार. ज्यांच्या ताटल्यांत चिवडा वाढला होता, त्या सगळ्यांनी.

दुसरा प्रश्न सोपा होता. तुम्ही स्वतःला काय समजता? गरीब, मध्यम, की सुखवस्तू? बाबा म्हणाले, "मध्यम लिवा. मध्यमाच्या थोडं वर."

बाई तिथे काय लिहावं याचा विचार करत असतानाच दारात सोनाजीबुवांचा आवाज आला. मागोमाग मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. सोनाजीबुवा आत येताच म्हणाले, की मावशींना ऐनवेळी परीक्षेची ड्यूटी लागली, त्यांचं येणं रद्द झालं.

आता बघा. आमच्या बाजूला आम्ही तिघं आणि त्यांच्या बाजूला चार माणसं, आणि मध्ये खुर्चीत एक बाई चिवडा खात बसलेल्या. मामांना वाटलं त्या मुलीकडच्या, त्यांनी वाकून नमस्कार केला. बाबांना अजून वाटत होतं त्या मुलाकडच्या. शेवटी सोनाजीबुवांनीच विचारलं, की या कोण?

बाई उठून उभ्या राहिल्या. चष्मा वर करत त्यांनी सांगितलं, की त्यांचं नाव सरोज पांढरीपांडे, नागपूरच्या एका संस्थेसाठी त्या पाहणी करत फिरतात. लोकांना गरिबीबद्दल काय वाटतं, हे घरोघर जाऊन विचारायचं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात आमचं निघालं. "मी आल्या आल्या सांगणार होते," त्या ओशाळून म्हणाल्या, "पण मला बोलूच दिलं नाही कोणी."

बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कान दिसत होते. ते लाल झाले होते.

पांढरीपांडे बाई निघायची घाई करू लागल्या. पण मुलाचे मामा मोठे बोलके. एवढ्या उन्हात कुठे जाता, बसा, आम्हालाही विचारा, आम्ही काय जनता नाही का, असा त्यांनी आग्रह धरला. तेवढ्यात माय पाणी घेऊन गेली. मुलाच्या आईनं पेला हातात घेतला, जरा फिरवून पाहिला आणि मगच प्यायली. तांब्यासुद्धा वळवून पाहिला. मला राग आला. पहाटे उठून ती भांडी मी राखेनं लख्ख घासली होती. एवढी कसली तपासणी?

बाईंनी मामांच्या आग्रहापुढे मान तुकवली. लिहून घेणार नाही, पण विचारते, असं म्हणून त्यांनी तो गरिबीचा प्रश्न पुन्हा वाचला. मामांचं उत्तर तयारच होतं: दारू आणि आळस, आणि सरकार फुकट देतं म्हणून आणखी आळस. बाबांनी जोरजोरात मान हलवली. मुलानं बराच वेळ विचार केला. तो खामगावच्या बस डेपोत कामाला होता, बोटांच्या पेरांत तेलाची काळी रेघ राहिलेली. तो एवढंच म्हणाला, की घरोघरी कारण वेगळं असेल, एकच कसं सांगणार?

मुलाच्या आईला विचारलं, तेव्हा ती हातातला पेला पाहत म्हणाली, "मले आत्ताच नाई सांगता येत. मंग सांगीन."

मायनं मला बाहेर बोलावलं. मी पोह्यांच्या ताटल्यांचा ट्रे घेऊन आले, सगळ्यांपुढे ठेवला, नमस्कार केला आणि पाटावर बसले. नाव, शिक्षण, स्वयंपाक, शिवण, नेहमीचं सगळं झालं. तट्ट्यापलीकडे खोकला पुन्हा सुरू झाला होता. आधी दाबलेला, मग न दाबता येणारा. मुलाच्या आईनं विचारलं, कोण खोकतंय? माय म्हणाली, शेजारच्या आहेत, म्हातारं माणूस आहे, उन्हाचा त्रास होतो. आणि मायची नजर नको म्हणता म्हणता कूलरकडे गेली.

मामांना विषय बदलायचा होता की माझी परीक्षा घ्यायची होती, कोणास ठाऊक. ते हसत बाईंना म्हणाले, आता तुमचा प्रश्न पोरीला विचारा, पाहू किती हुशार आहे.

बाईंनी नको म्हटलं. पण मामा ऐकेनात. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि मला वाटतं, त्यांनी तो प्रश्न कागदावरून वाचला नाही. हळूच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत सगळं होतं. पोरी, सांग ना आळस. एक शब्द सांग आणि सुटू. त्यांचं बोलणं खोटं ठरवून मी त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर मला जन्मभर झोप लागली नसती. आणि तोच शब्द मी म्हटला असता, तर तट्ट्यापलीकडे तोंडात फडका कोंबून खोकणाऱ्या त्या म्हातारीला मी काय तोंड दाखवणार होते?

"मले नाई माहीत," मी म्हणाले. "पन बाबाले आळस काय असते तेच माहीत नाई. त्यायनं तो कधी केलाच नाई. नुसतं ऐकलेलं हाय, म्हनून तसं सांगतलं."

आता सुरुवात झालीच होती.

"अन् हा कूलर गोदाआजीचा हाय. तिले दमा हाय. तो आता तिच्याकडं न्या."

आणि मग तट्ट्यापलीकडून आवाज आला.

"अवं, राहू दे वं. मले नाई होत गरम."

पहिल्यांदा मुलगा हसला. मोठ्यानं नाही, पण त्याला आवरेना. मग पांढरीपांडे बाई हसल्या, मग माय तोंडाला पदर लावून हसता हसता रडायलाच लागली. मुलगा उठला, त्यानं कूलरची पिन काढली आणि एका बाजूनं धरून तो सरकवू लागला. सोनाजीबुवा दुसऱ्या बाजूला लागले. दारापाशी येऊन कूलर अडकला. सकाळचीच गंमत पुन्हा सुरू झाली. पाणी हिंदकळलं, मुलाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि मामा खुर्चीत बसून कोपरा वळवा, कोपरा वळवा म्हणून सांगू लागले.

"बाजूले सरा," बाबा म्हणाले.

त्यांनी सदरा काढला. नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. मग कूलरकडे पाठ करून उकिडवे बसले, दोन्ही हात मागे नेऊन कडा धरल्या, आणि एका हिसड्यात तो सबंध कूलर पाण्यासकट पाठीवर घेऊन उभे राहिले. तिरकं वळून, मान खाली घालून, कुठेही न लागता ते दारातून बाहेर पडले. पोतं घेऊन मिलच्या दारातून रोज बाहेर पडायचे, तसेच. त्यांच्या पाठीवरचे आणि मानेवरचे घट्टे सगळ्यांना दिसले. मालाची जबाबदारी कशी खांद्यावर असते, तेही कळलं.

मला वाटलं, संपलं. आता तो 'पण' येणार. आणि खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. बाबांना इतक्या ताठ चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते, एवढं ओझं पाठीवर असून.

ते परत आले तेव्हा खोली तापू लागली होती. ते सदरा न घालता, बनियनवरच जमिनीवर बसले. पांढरीपांडे बाईंनी कागद पुन्हा काढले. त्या म्हणाल्या, "आमचा एक नियम आहे. मी घराबाहेर पडेपर्यंत माणसाला उत्तर बदलता येतं. बदलायचंय का काही?"

बाबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. चार कारणं पुन्हा वाचायला सांगितली. शेवटच्या कारणाला, मोबदल्याच्या, त्यांनी बोट वर केलं.

"ते लिवा. अन् मध्यम खोडून टाका." मग थोडं पुढे सरकून, हलक्या आवाजात: "मिलवाल्याले तर नाई न दाखवनार तुमी?"

बाई म्हणाल्या, नाही, कोणालाच नाही. मग बाबांनी एकेक उसनी वस्तू सांगितली तशी खुर्च्या, घड्याळ, कूलर, सगळ्यावर त्यांनी रेघ मारली. जाताना त्या शेजारी डोकावून गोदाआजीलाही भेटून गेल्या. आजीनं त्यांना आत बोलावून, कूलरसमोर बसवून, चहा पाजला असं नंतर कळलं.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. हा शब्द आम्हाला पाठ होता. मामांनी पोह्यांना पुन्हा हात लावला नव्हता. मुलाची आई मात्र ताटली पूर्ण रिकामी करून, ती उलटी करून पाहून उठली. मला पुन्हा राग आला.

त्या आठवड्यात बाबा माझ्याशी नेहमीसारखेच बोलत राहिले, जमिनीकडे न पाहता. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. पण मग सोनाजीबुवा घाम पुसत आले आणि म्हणाले, होकार आहे. मामा नाराज आहेत, पण मुलाची आई ऐकत नाही. मायनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, की आमचंच घर ना?

आता या गोष्टीला तीस वर्षांहून जास्त काळ झाला. बाबा गेले, गोदाआजी तर फार आधी गेली. पँट भिजलेला तो मुलगा निवृत्त होऊन दिवसभर घरातले नळ दुरुस्त करत असतो, न बिघडलेलेसुद्धा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता फार फिरत नाहीत, पण त्यांची नजर अजून शाबूत आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, की तुम्ही हो का म्हणालात. काही गोष्टी विचारल्या की हलक्या होतात, अशी मला भीती होती.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला भेटायला मुलाकडचे येणार होते. मी आदल्या दिवशी जाऊन नवा डिनर सेट घेऊन आले, सोनेरी काठाचा. आत्याबाईंनी एक ताटली हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली.

"कोरी हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नवीच आहे, कोरी असणारच. आणि मग सहज बोलून गेले, की त्या दिवशीही तुम्ही अशीच भांडी तपासत होता, मला किती राग आला होता.

"तपासत नव्हती मी," त्या म्हणाल्या. "वाचत होती."

मी हातातली दुसरी ताटली खाली ठेवली.

"पेल्यावर गोदावरीबाई. तांब्यावर रुखमा. एका ताटलीवर दुसऱ्याच कोनाचं नाव, दुसऱ्या ताटलीवर तिसरंच. तुह्या घरचं नाव असलेलं एक भांडं नव्हतं त्यात. पानी पेतानाच मले कळलं होतं, की या घरात काईच नाई."

"मंग?"

त्यांनी ताटलीवरची नसलेली धूळ बोटानं पुसली.

"तुहे सासरे गेले तवा तेरवीले मी भांडे किरायानं आनले होते. दुकानातून. घरं होते आजूबाजूले, नातलगही होते, पन मागायले जावं असं एक दार नव्हतं. त्या दिवशी तुह्या घरी पेला फिरवून पाह्यला, अन् मले ते किरायाचे भांडे आठोले. त्यायच्यावर दुकानाचं नाव होतं." मग त्या म्हणाल्या, "त्या बाईले मी मंग सांगतो म्हनलं होतं, गरीब कोन ते. राहूनच गेलं. कुठं असन आता ती?"

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. माझ्या लग्नात गोदाआजीनं आहेर म्हणून तोच पेला दिला होता, आणि तो इतकी वर्षं आमच्या पाण्याच्या माठावर उपडा असतो. त्याच्यावर कोरलेलं नाव आता बोटाला जेमतेम लागतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी डिनर सेट खोक्यात परत भरला. चप्पल घातली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे राहायला येऊन त्यांना वर्ष झालं होतं, आणि जिन्यात हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. दार उघडलेल्या त्या तरुण मुलीला मी म्हटलं, "बाई, पाहुणे यायचे आहेत. चार पेले देतेस का?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "थांबा काकू, मी घेऊनच येते. अजून काही लागेल का?"